पिंपळीला उतरलेला खोका

संपादकांचा फोन आला, "अंतराळ संशोधनातले तुमचे रोमांचक अनुभव लिहा." मला हसू आलं. सरकारी अंतराळ आणि वैमानिकी संशोधन संस्थेत मी उभी हयात काढली हे खरं. गळ्यातल्या ओळखपत्रावर रॉकेटचं चित्र होतं, तेही खरं. पण माझं काम वर काही पाठवण्याचं नव्हतं. वरून जे खाली पडेल ते शोधायचं, उचलायचं, गाडीत घालायचं आणि परत आणायचं. कागदोपत्री त्याला 'पुनर्प्राप्ती विभाग' असं भारदस्त नाव होतं. संस्थेत आम्हाला सगळे 'हमाल खातं' म्हणत. माझी नोकरी गेली ती लोकांच्या उसात, डाळिंबाच्या बागांत आणि बांधांवर. रोमांच म्हणाल तर दोनदा सापावर पाय पडला, तेवढाच.

अंतराळ म्हटलं की लोकांना रॉकेटच दिसतं. आमच्या विभागाचा संबंध फुग्याशी. दुधाच्या पिशवीहून पातळ प्लास्टिकचा अवाढव्य फुगा हलक्या वायूनं भरतात. त्याच्याखाली पॅराशूट आणि पॅराशूटखाली शास्त्रज्ञांच्या यंत्रांचा खोका. विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर तो जातो, काही तास तिथे राहतो. काम झालं की खालून रेडिओवरून हुकूम द्यायचा, वरची दोरी कापली जाते आणि खोका पॅराशूटला लटकत खाली येतो. कुठे येतो? वाऱ्याच्या मनात असेल तिथे. आमचे गणिती संगणकावर नकाशा काढून गोल करून देत, पण त्या गोलात पाच-सहा गावं आणि एखादा ओढा आरामात बसायचा. उड्डाणाचं मैदान पूर्वेला लांब होतं, आणि वारं बहुतेक वेळा सामान आणून टाकायचं इंदापूर नाहीतर बारामती तालुक्यात. मी इंदापूरकडचा. त्यामुळे साहेबांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "हा भाग तुमचा. तुम्हाला ती भाषा येते."

ती भाषा येते म्हणजे काय, हे साहेबांना कधी कळलं नाही. भिगवणच्या बाजूला एकदा खोका धरणाच्या पाण्यात पडला. एका मच्छीमारानं तो ओढून काठाला आणला आणि त्याच्यावर बूड टेकून बसला. म्हणाला, "तुमच्या ह्या धोंड्यानं माझं जाळं फाडलंय. आदी त्याचं बोला." कायदा सांगितला असता तर त्यानं खोका परत पाण्यात ढकलला असता. मी दुपारभर त्याच्याशेजारी बसून जाळं विणलं. विणून झाल्यावर तो स्वतः खोका खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आला. अहवालात मी लिहिलं, 'स्थानिकांचे सहकार्य लाभले.'

दुसऱ्या एका गावात खोका डाळिंबाच्या बागेत उतरला. मी पोचेपर्यंत सरपंचांनी त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता आणि आमदार येऊन फोटो काढेपर्यंत तो हलवायचा नाही असा हुकूम सोडला होता. आमदार आलेच नाहीत. चार वाजता सरपंच म्हणाले, "तुमीच हुभं ऱ्हावा शेजारी, तुमी बी सरकारच हाय." तो फोटो बरेच दिवस ग्रामपंचायतीत होता. पॅराशूट मात्र मिळालं नाही. पुढच्या वर्षी त्याच गावात एका लग्नाला गेलो तर ते मांडवाचं छत होऊन डोक्यावर लटकत होतं. मी खाली मान घालून जिलबी खाल्ली.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि आत्तापर्यंत मी तेच सांगत आलो. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. पण ह्या वेळी लिहायला बसलो ते एका खोक्यासाठी, आणि तो किस्सा मी कुणाला सांगितलेला नाही.

त्याआधी धंद्यातली एक युक्ती सांगायला हवी. माझे पहिले वरिष्ठ देशमाने म्हणून होते. त्यांनी मला शिकवलं होतं, "वस्तूची किंमत कधी सांगायची नाही. विचारलं तर म्हणायचं, रिकामा खोका आहे, हवामानाचा. मोलाची आहे कळलं की गर्दी जमते, आणि गर्दीत एक तरी पाना घेऊन आलेला असतो." युक्ती अक्सीर होती. रिकाम्या खोक्याला कोण हात लावतो? लोक तो गोठ्यात ठेवून देत, आम्ही घेऊन येत असू. मला ह्या युक्तीचा अभिमान होता. नवीन मुलांना मी ती शिकवत होतो.

खोक्यावर सूचना असायची, पण हिंदीत आणि इंग्रजीत. मराठीत लावा म्हणून मी तीनदा टिपण पाठवलं. तीनदा उत्तर आलं, 'प्रस्ताव विचाराधीन.' शेवटी मी मार्करनं माझा मोबाईल नंबर खोक्यावर लिहायला लागलो. कुणाला न विचारता, अर्थात.

आता शैलजा मॅडम. संस्थेत डॉक्टर पुष्कळ होते, त्यातल्या बहुतेकांना हमाल खात्यातल्या माणसाचं नाव माहीत नसायचं. मॅडमना माझ्या मुलीच्या परीक्षेची तारीख माहीत असायची. त्यांचं काम धुळीचं. आभाळातून, म्हणजे पार वरून, धूमकेतू वगैरेंची बारीक धूळ सतत पृथ्वीवर पडत असते म्हणे. खाली येईपर्यंत ती आपल्या धुळीत मिसळते आणि मग ओळखू येत नाही. म्हणून ती वरच धरायची. त्यासाठी मॅडमनी धातूच्या आठ पट्ट्या केल्या होत्या, त्यांना चिकट तेलाचा लेप, आणि प्रत्येक पट्टी एका खणात. वर गेल्यावर खण उघडायचे, धूळ चिकटली की बंद व्हायचे. सांगायला सोपं. मॅडमचे केस त्यात पांढरे व्हायला लागले. पहिल्या उड्डाणात फुगा फाटला. दुसऱ्यात खण उघडलेच नाहीत. तिसऱ्याच्या आधी संस्थेनं लेखी कळवलं, ह्या वेळी नमुने हाती आले नाहीत तर प्रकल्प बंद. मॅडम मला म्हणाल्या होत्या, "ह्या वेळी तरी माझी धूळ घेऊन या हो."

तिसरं उड्डाण सुरेख झालं. आठही खण वर उघडले आणि बंद झाले, तसे संकेत आले. नियंत्रणाची खोली टाळ्यांनी भरून गेली. दुपारी खोका बारामतीजवळ पिंपळीला उतरला आणि तासाभरात मला फोन आला.

"साहेब, मी सोपान बोलतुय पिंपळीतनं. तुमचं कायतरी वरनं आलंय आमच्या उसात. छत्री हाय, खोका हाय. तुमचा नंबर दिसला."

"व्हय तात्या, आमचंच हाय. कुणी गर्दी केलीया का?"

"न्हाय, आमी दोघंच हाय. मी आन् मंडळी. काय हाय म्हनायचं ह्ये?"

माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "काय न्हाय तात्या, रिकामा खोका हाय. हवामानाचा. सावलीला ठिवा, आमी येतोच."

"पाण्याच्या पाटात पडलाय. चिखलानं पार माखलाय बगा."

"आसू द्या."

एवढंच बोललो. उघडू नका म्हणालो नाही. रिकाम्या खोक्याला उघडू नका कसं म्हणणार? संशय आला असता.

'येतोच' म्हणालो, पण गेलो नाही. विभागाची गाडी यशस्वी उड्डाणाच्या सत्काराला येणाऱ्या पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेली होती. मी विभागप्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, "उद्या जा. खोका कुठे पळून जातोय?" मॅडम स्वतःची गाडी काढायला निघाल्या तर त्यांनाच सत्काराला थांबवून घेतलं. शाल त्यांना द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि मॅडम पिंपळीला पोचलो. रस्ता विचारावा लागला नाही, सोपानतात्या फाट्यावर येऊन उभे होते. साठीचे, उंच, पांढरी टोपी, शब्द मोजून बोलणारे. गावातल्या भांडणांत दोन्ही बाजू ज्याला बोलावतात असा माणूस. त्यांनी गाडीत बसायला नकार दिला आणि पुढे चालत राहिले.

अंगणात बाजेवर धुतलेली चादर अंथरली होती आणि तिच्यावर खोका. मी इतकी वर्षं खोके आणले, पण इतका लखलखीत खोका कधी पाहिला नव्हता. मध्यभागी हळदीकुंकू. अंजनामावशी, तात्यांच्या मंडळी, पदर सावरत बाहेर आल्या. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू माहेरची माणसं आली.

"पडताना येका खणाची कडी तुटली हुती," त्या सांगू लागल्या. "त्यात चिखुल शिरल्याला. म्हनलं, दुसरं बी बगावं. तर आत समदं तेलकट, चिकट. निस्त्या पान्यानं निघंना. मग चुलीतली राख लावली, नारळाची शेंडी घेतली आन् घासलं. दोनदा. आता बगा कसं झालंय."

मॅडमनी पहिला खण ओढला. तो भुईमुगाच्या शेंगांनी भरलेला होता. दुसऱ्यात गुळाचे खडे. तिसऱ्यात परत शेंगा. आठही खण भरलेले.

"शेजारणीची वाटी आली तरी आमी मोकळी धाडत न्हाय," मावशी म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं रिकामा हाय म्हून. म्हनलं, सरकारचं भांडं पैल्यांदा आपल्या दारात आलंय, तसंच कसं द्यायाचं?"

मॅडम खाली बसल्या. ओट्यावर नाही, जमिनीवर. मावशी घाबरल्या. "काय झालं गं बाय? काय चुकलं का आमचं?"

मला वाटलं आता ह्या रडणार, ओरडणार. त्यांनी एक शेंग फोडली, तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "नाही मावशी. फार स्वच्छ धुतलंत." मग थोड्या वेळानं विचारलं, "धुतलेलं पाणी कुठे टाकलंत?" मावशींनी मोरीबाहेरची अळूची पानं दाखवली. मॅडम उठल्या, तिथली माती दोन बोटांनी उचलली, पाहिली आणि परत टाकली. गाडीत त्या एकदाच बोलल्या. "त्यांना रिकामा आहे असं कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "मी."

चौकशी लागली. विभागप्रमुखांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता, असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही. ते म्हणाले, "हे बघा, चूक आपली निघाली तर प्रकल्प आजच बंद. बाहेरच्यांनी नासधूस केली असेल तर ती आपत्ती. आपत्तीला आणखी एक उड्डाण मिळू शकतं. मॅडमचं सगळं तुमच्या जबाबावर आहे." जबाब टाइप करून तयार होता. 'फोनवरून स्पष्ट सूचना देऊनही संबंधित पतीपत्नींनी उपकरण बळजबरीने उघडून त्यातील नमुने नष्ट केले.' गाडी विमानतळावर होती ह्याचा उल्लेख नाही. मराठी सूचनेच्या तीन टिपणांचा नाही. 'रिकामा खोका' हे शब्द कुठेच नाहीत.

मी तो दोनदा वाचला. न वाचता सही केली असती तर आज सांगायला एखादी सबब तरी राहिली असती. मी मनाशी म्हणालो, तात्यांचं काय बिघडणार आहे? त्यांना हा कागद कोण दाखवणार? मॅडमचं आयुष्य मात्र वाचेल. आणि त्याच्या आत, अगदी तळाशी, हेही होतं की त्या कागदावर माझी चूक राहत नव्हती. तेव्हा मी तळाशी पाहिलं नाही. सही केली.

सरकारी मालमत्तेची नासधूस म्हटल्यावर अहवालाची एक प्रत आपोआप पोलिसांकडे जाते, हे मला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी तात्यांचा फोन आला.

"साहेब, ठाण्यात बोलावलंय आमास्नी. दोघांस्नी. काय कागुद आलाय म्हनं तुमच्याकडनं."

"काही नाही तात्या, फॉर्मॅलिटी असते," मी म्हणालो. शहरी बोललो हे माझ्या लक्षात आलं.

"तुमी येताय का?"

"बघतो."

मी गेलो नाही. त्यांना तीनदा जावं लागलं. गुन्हा वगैरे दाखल झाला नाही, पोलिसांनी सभ्यपणे विचारून घेतलं आणि सोडून दिलं. पण गावाला एवढंच दिसलं की सोपानतात्या आणि त्यांची बायको सरकारी चोरीत ठाण्यात जाऊन बसतात. तात्यांनी त्यानंतर कुणाच्या भांडणात बसायला जाणं सोडलं. लोक बोलवायला येत होते, तेच जात नव्हते. हे मला नंतर कळलं, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या त्यांच्या पुतण्याकडून. त्यानं सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता.

आणि ते आणखी एक उड्डाण? मिळालं नाही. तीन महिन्यांनी प्रकल्प बंद झाल्याचं पत्र आलं. कारण, निधीची फेररचना. मॅडम कपाट आवरत असताना चौकशीची फाइल त्यांच्या हाती लागली. त्या माझ्या टेबलापाशी आल्या, फाइल ठेवली.

"ही सही तुमची?"

"मॅडम, मी तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी म्हणू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझी धूळ गेली ते मी सोसलं असतं. त्या बाईंनी मला शेंगा दिल्या होत्या." त्या आता कुठल्याशा कॉलेजात शिकवतात. माझ्या दिवाळीच्या मेसेजला उत्तर येत नाही.

संस्था छान चालली आहे. नव्या खोक्यांवर आता मराठी सूचना असते, ती मी पाहिली. 'उघडल्यास कायदेशीर कारवाई होईल.' इतकी वर्षं मागितली ती मराठी अशी मिळाली.

निवृत्त झाल्यावर धीर आला असं म्हणणार नाही. पेन्शन सुरू झाली, आता कुणी काही करू शकत नाही हे कळलं, म्हणून गेलो. खरं तेच लिहितो. ह्या उन्हाळ्यात पिंपळीला गेलो. मावशी अंगणात एकट्याच सुपात शेंगा निवडत होत्या. भिंतीवर तात्यांचा फोटो, त्याला हार. मागच्या साली गेले.

मावशींनी पाण्याचा तांब्या दिला. चहा ठेवला नाही. आमच्या भागात ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी बसलो आणि जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. त्या सूप हलवत राहिल्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "हवालदारानं कागुद वाचून दावला हुता. खाली तुमचं नाव. ह्यांनी त्याला परत वाचाया लावला. म्हनले, चुकून वाचलं आसंल."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"त्ये म्हनायचे, येईल त्यो. हितलाच हाय, येऊन सांगंल. लई दिस म्हनत हुते."

मी हात जोडले. त्यांनी पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. "माज्यापुढं हात जोडून काय हुतंय? जितं लिवून दिलं तितं लिवून द्या."

मी संस्थेला लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, 'सदर प्रकरण निकाली निघाले असून पुनर्विचाराची तरतूद नाही.' ठाण्यात गेलो, तर तिथले नवे साहेब म्हणाले, गुन्हाच नाही तर नोंद कशात करू? तेवढ्यात संपादकांचा रोमांचक अनुभवांसाठी फोन आला. माझ्याकडे दुसरी जागा नाही, म्हणून जबाब इथे देतो आहे. जबाबाचा कच्चा मजकूर मी मावशींना फोनवर वाचून दाखवला. त्यात 'अंजनाबाई निर्दोष आहेत' असं पहिलंच वाक्य होतं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माजं ऱ्हाऊ द्या मागं. आदी त्यांचं नाव घाला." म्हणून पहिलं वाक्य बदललं आहे.

पिंपळीचे सोपानतात्या यांनी खोका सापडल्याबरोबर, कुणी न सांगता, मला स्वतः कळवलं. त्यांनी काय आहे विचारलं तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोललो. त्यांच्या पत्नी अंजनाबाई यांनी तो खोका धुऊन, भरून परत दिला. उघडू नका असं त्या दोघांना मी किंवा संस्थेतल्या कुणीही कधीही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं असं मी लिहून दिलं, आणि ते खरं मानून सोपानतात्यांना आणि अंजनाबाईंना तीनदा ठाण्यात बसवलं गेलं.